मक्ता की खरेदीखत? पुस्तकाच्या कराराविषयी वाचकांचे प्रश्न

लेखक आणि प्रकाशक यांच्यातल्या कराराविषयी विदर्भातल्या गावांतून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. विनंतीवरून नावं छापलेली नाहीत, आणि प्रकाशन संस्था व नाटक कंपन्यांची नावंही काढली आहेत.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह एका प्रकाशनाने स्वीकारला आहे. दीड पानाचा करार आला आहे. त्यात लिहिलं आहे, "पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी प्रकाशकाकडे राहतील. लेखिकेस निव्वळ विक्रीवर दहा टक्के मानधन मिळेल." आठ दिवसांत सही करून पाठवा म्हणतात. बदल सुचवला तर पुस्तकच काढणार नाहीत अशी धास्ती वाटते.
— शिक्षिका, दारव्हा तालुका

धास्ती बाजूला ठेवा. ज्याने हस्तलिखित वाचून पसंत केलं, तो दोन-चार दुरुस्त्यांच्या सभ्य पत्रामुळे पुस्तक टाकून देत नाही. बहुतेक ठिकाणी हा मजकूर जुन्या करारावरून नुसता उतरवलेला असतो आणि त्यातलं किती तुम्ही मान्य कराल याचा अंदाज प्रकाशकालाही नसतो. पत्रासुद्धा न वाचता कुणी "सही करा, नाहीतर राहू द्या" म्हणालंच, तर पुढची पाच वर्षं त्याच्याकडे हिशेब मागणं कसं जाईल हे तुम्हाला आजच कळलं.

वावर मक्त्याने देणं आणि वावराचं खरेदीखत करून देणं यातला फरक आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे. तुमच्यापुढे आलेलं वाक्य खरेदीखताचं आहे. भारतात साहित्यकृतीचा प्रताधिकार (कॉपीराइट) लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुमचं वय आज ३५ धरलं आणि तुम्ही ८० वर्षं जगलात, तर "संपूर्ण मुदत" म्हणजे जवळपास १०५ वर्षं. आणि हे सगळं कदाचित ५०० प्रतींच्या एका आवृत्तीसाठी. त्या वाक्याच्या जागी हे सुचवा :

"लेखिका या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्त्या भारतात प्रकाशित करण्याचा व विकण्याचा अनन्य परवाना, सहीच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी, प्रकाशकाला देत आहे. प्रताधिकार लेखिकेकडे राहील. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाट्य व चित्रपट रूपांतर यांसह येथे न दिलेले सर्व हक्क लेखिकेकडे राहतील."

एवढ्या ओळींत हक्क कोणता, भाषा कोणती, प्रदेश कोणता, मुदत किती हे चारही आलं. प्रताधिकार कायदा, १९५७ मधलं कलम १९ नेमकं हेच मागतं : हस्तांतरण लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी, कृती आणि हक्क ओळखू येतील असे लिहिलेले हवेत, मुदत, प्रदेश आणि रॉयल्टी किंवा इतर मोबदला नमूद हवा. परवान्यालाही हेच कलम लागू होतं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे जिथे करार गप्प आहे तिथे कायदा लेखकाची बाजू घेतो. "संपूर्ण मुदत" आणि "संपूर्ण जग" हे शब्द ती बाजू काढून घेण्यासाठीच घातलेले असतात.

आणखी एक छोटी ओळ करारात शोधा : "कलम १९(४) लागू राहणार नाही." या पोटकलमानुसार घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर येत नाही. म्हणून ती ओळ घातली जाते आणि पुस्तक तीन-तीन वर्षं छपाईविना पडून राहतं. ती खोडा. तिच्या जागी "सहीपासून १२ महिन्यांत पुस्तक प्रकाशित न झाल्यास परवाना रद्द होईल" असं लिहून घ्या.

आता "निव्वळ विक्री". हे दोन शब्द टक्क्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. पुस्तकाची छापील किंमत २४० रुपये धरू. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे प्रतीमागे २४ रुपये, ५०० प्रतींचे १२,००० रुपये. वितरकाला ४५ टक्के सवलत दिली तर प्रकाशकाच्या हाती १३२ रुपये येतात आणि त्यावर १० टक्के म्हणजे १३ रुपये २० पैसे, ५०० प्रतींचे ६,६०० रुपये. टक्का तोच, रक्कम निम्म्याजवळ. "निव्वळ"मधून वाहतूक, प्रदर्शनाचं भाडं आणि खराब झालेल्या प्रती वजा केल्या तर उरणारा आकडा तुम्हाला तपासताच येणार नाही, कारण ती वजावट फक्त प्रकाशकाच्या वहीत असते. छापील किंमत मुखपृष्ठावर सगळ्यांना दिसते. म्हणून "मुखपृष्ठावरील छापील किमतीवर, विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे" हे शब्द मागा. प्रकाशक त्याला तयार नसेल आणि निव्वळावरच अडला असेल, तर टक्का १५ ते २० करा आणि निव्वळ म्हणजे काय याची व्याख्या करारात लिहून घ्या : विक्रेत्याची सवलत सोडून दुसरी कोणतीही वजावट नाही.

हिशेबाचं कलम असं असावं : दरवर्षी ३१ मार्चपर्यंतचा हिशेब ३० जूनपूर्वी लेखी द्यायचा. त्यात छापलेल्या, विकलेल्या, भेट व समीक्षेसाठी दिलेल्या, परत आलेल्या आणि शिल्लक प्रती असे पाच आकडे हवेत. परत आलेल्या प्रती विकलेल्यांत किंवा शिल्लकीत पुन्हा धरलेल्या नसतील, तर शेवटच्या चारांची बेरीज पहिल्या आकड्याइतकी यायला हवी, आणि ती जुळत नसेल तर विचारायला जागा मिळते. सोबत प्रत्येक छपाईचं प्रेसचं बिल व बाइंडिंगचं चलन पाहण्याचा हक्क मागा. आवृत्ती ५०० ची सांगून १,००० छापणं हे विश्वासाने नाही, याच दोन कागदांनी उघड होतं. श्रेयपानावर आवृत्ती, छपाईचा महिना-वर्ष आणि "© लेखिका" हे छापलं जाईल, हेही लिहा.

"लेखिकेच्या पुढील पुस्तकांवर प्रकाशकाचा पहिला हक्क" असं कलम असेल तर काढायला सांगा. प्रकाशक फारच आग्रही असेल तर फक्त पुढचं एक पुस्तक आणि निर्णयाला ६० दिवस एवढंच द्या. "कोणताही वाद झाल्यास सर्व नुकसानभरपाई लेखिका देईल" या वाक्यालाही मर्यादा हवी : मजकूर दुसऱ्याचा चोरलेला असल्याचं न्यायालयात सिद्ध झालं तरच, आणि तुम्हाला मिळालेल्या मानधनाच्या रकमेपर्यंतच. गावातल्या खऱ्या माणसांवर बेतलेल्या कथा असतील तर हे कलम विशेष जपा. अशा कथांमध्ये नाव, गाव आणि आडनावाची खूण हस्तलिखितातच बदललेली बरी.

मागण्या कोणत्या क्रमाने ठेवायच्या, याबद्दल आमचं मत ठाम आहे : आधी टक्क्यावर भांडू नका. लहान प्रकाशकाचं भांडवल खरंच तोकडं असतं आणि १० वरून १२ वर जाताना तो अडतो. मुदत, हक्क परत येण्याचं कलम, इतर माध्यमांचे हक्क, हिशेबाची तारीख आणि २५ लेखकप्रती यांसाठी त्याच्या खिशातून जवळपास काहीच जात नाही. ते आधी मिळवा, टक्का शेवटी. तेव्हाही चढता दर मागणं सोपं पडतं : पहिल्या १,००० प्रतींवर १०, पुढच्या १,००० वर साडेबारा, त्यापुढे १५. पुस्तक चाललं तरच जास्त द्यावं लागेल, म्हणून प्रकाशकालाही ते पटतं.

पत्र लहान ठेवा. "करार मिळाला, आभारी आहे. आपल्याकडे पुस्तक येत असल्याचा आनंद आहे. कलम २, ५ आणि ७ मध्ये खालील बदल सुचवते. आपले मत कळवावे, म्हणजे लगेच सही करून पाठवते." कारणं लांबवू नका आणि माफीही मागू नका. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ईमेल करून "आज बोलल्याप्रमाणे असं ठरलं" एवढं लिहून ठेवा.

सहीच्या वेळी दोन मूळ प्रती करा, दोन्ही पक्षांची प्रत्येक पानावर सही घ्या आणि एक मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. महाराष्ट्रात साध्या करारनाम्यासाठीचा १०० रुपयांचा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा झाला आहे. तो खर्च कोण करणार हे आधी विचारा. मानधनावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत टीडीएस कापला जात नाही, त्यापुढे १० टक्के कापतात. पॅन दिलेला नसेल तर कपात दुप्पट होते. लेखकाच्या मानधनावरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी प्रकाशकाची आहे, त्यामुळे मानधनातून "जीएसटी वजा" दिसलं तर हरकत घ्या.

प्रश्न : कवितासंग्रहासाठी एका संस्थेने ४५,००० रुपये मागितले. ३०० प्रती छापणार, त्यातल्या ५० मला देणार, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि "ग्रंथालयात लावून देणं" त्यातच. रॉयल्टी १० टक्के. हे ठीक आहे का?
— शेतकरी, पुसद तालुका

नाही. भागाकार करा. ४५,००० भागिले ३०० म्हणजे तुम्ही प्रत्येक प्रतीला १५० रुपये भरले. तुमच्या हाती आलेल्या ५० प्रतींच्या हिशेबाने ती एक प्रत ९०० रुपयांना पडली. उरलेल्या २५० प्रती तुमच्या पैशाने छापल्या, पण विकणार संस्था, आणि त्यावर तुम्हाला दहा टक्के. ज्याने पैसा घातला त्याला १० आणि ज्याने घातला नाही त्याला ९०, हा व्यवहार कापसाच्या जिनिंगवर कुणी मान्य केला नसता.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात काही कमीपणा नाही. मात्र मग प्रकाशक तुम्ही आहात आणि समोरचा सेवा देणारा आहे. त्यामुळे करार "छपाई व निर्मिती सेवेचा" हवा, "प्रकाशनाचा" नको. त्यात कामं सुटी लिहून घ्या : अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बाइंडिंग, वाहतूक, आणि प्रत्येकाची रक्कम. आकार (डेमी असेल तर १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे छपाईचा एक ताव), पानसंख्या, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), मुखपृष्ठ किती जीएसएमचं आणि त्यावर लॅमिनेशन कोणतं, हे नसेल तर दोन दरपत्रकांची तुलनाच होत नाही. मग नागपूर, अमरावती आणि यवतमाळ इथल्या तीन प्रेसकडून याच मापाचे दर मागवा.

सर्व ३०० प्रती तुमच्या. संस्थेने विकायच्या असतील तर ठरलेल्या सवलतीने, विकल्यानंतर पैसे, न विकलेल्या प्रती परत. अक्षरजुळणीची खुली फाइल, छपाईची पीडीएफ आणि मुखपृष्ठाची फाइल तुमच्याकडे हवी. ही अट लोक विसरतात आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अक्षरजुळणीचे पैसे पुन्हा मोजतात. रक्कम एकदम देऊ नका : सुरुवातीला ३० टक्के, शेवटच्या प्रूफावर सही झाल्यावर ४०, प्रती मोजून ताब्यात आल्यावर ३०.

आयएसबीएनसाठी पैसे मोजू नका. हा क्रमांक भारतात शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. तो संस्थेच्या नावावर घेतला तर पुस्तकाचा प्रकाशक म्हणून नोंद तिचीच राहते. "ग्रंथालयात लावून देतो" याची हमी कुणीही देऊ शकत नाही, कारण निवड समित्या करतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं मात्र प्रकाशकाचं काम आहे. स्वतः प्रकाशक असाल तर ते तुमचं.

तुमचं हे पहिलं पुस्तक असेल तर थोडं थांबा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. मंडळ अर्ज मागवतं तेव्हा हस्तलिखित पाठवा. ४५,००० रुपये हा एका हंगामाच्या बियाण्या-खताचा पैसा आहे. तो घालण्याआधी एक अर्ज करून पाहण्यात काही जात नाही.

प्रश्न : झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) एका नाटक कंपनीला मी दोन वर्षांपूर्वी नाटक लिहून दिलं. ठोक रक्कम मिळाली, कागद काही नाही. यंदा दुसरी कंपनी तेच नाटक नाव बदलून करत आहे. पोस्टरवर लेखक म्हणून भलत्याचंच नाव आहे. पहिली कंपनी म्हणते, "आम्ही विकत घेतलं होतं, आम्ही पुढे दिलं."
— नाटककार, ब्रह्मपुरी तालुका

तोंडी व्यवहाराने नाटक विकलं जात नाही. हस्तांतरणाला लेखी कागद आणि तुमची सही लागते. तुम्ही कंपनीचे पगारी नोकर नव्हता, त्यामुळे कंपनीने सांगून लिहून घेतलं असलं तरी पहिला मालक तुम्हीच. तुम्ही आपल्याला प्रयोग करायची मुभा दिली होती, एवढंच पहिल्या कंपनीला फार तर म्हणता येईल. ती मुभा दुसऱ्याला विकण्याचा अधिकार तिच्याकडे आला कुठून? आधी एक गोष्ट मात्र आठवून पाहा : पैसे घेताना एखाद्या पावतीवर किंवा वहीत सही केली होती का, आणि तिथे "सर्व हक्कांसह" असं काही लिहिलं होतं का? असेल तर त्या कागदाचा फोटो मिळवून मगच पुढचं पाऊल टाका. तिथे मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते.

पुरावा असा गोळा करा. हाताने लिहिलेली मूळ संहिता, खोडाखोडीसह. ती स्वच्छ प्रतीपेक्षा जास्त बोलते. पहिल्या हंगामाची तुमचं नाव असलेली पोस्टरं आणि पत्रकं. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीला जाते. तिथे लेखक म्हणून तुमचं नाव गेलं असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत फार मोलाची. मग नव्या नाटकाचा एखादा प्रयोग पाहा आणि प्रवेशांचा क्रम, पात्रं आणि संवाद दोन रकान्यांत समोरासमोर लिहा. नाटकाच्या नावावर प्रताधिकार नसतो. "सावत्र भावाने जमीन बळकावली" या कल्पनेवरही नसतो. तो संवादांवर आणि प्रसंगांच्या बांधणीवर असतो. म्हणून दावा "कल्पना चोरली" असा करू नका, तो पहिल्याच दिवशी पडतो. "अमुक प्रवेशातले इतके संवाद शब्दशः माझे आहेत" असं म्हणा.

मग दोन्ही कंपन्यांना वकिलामार्फत नोटीस द्या : प्रयोग थांबवा किंवा लेखक म्हणून नाव लावून प्रतिप्रयोग रक्कम ठरवा, झालेल्या प्रयोगांचा हिशेब द्या. लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ ने दिलेला आहे आणि नाटक विकून टाकलं तरी तो लेखकाकडेच राहतो. फौजदारी तक्रारही करता येते (शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं, दंड ५०,००० ते २ लाख रुपये), पण आमचा सल्ला आधी दिवाणी दावा करून न्यायालयाचा मनाई हुकूम घेण्याचा. वेळ महत्त्वाची आहे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या दिवसांत सर्वाधिक प्रयोग लागतात. नोटीस फेब्रुवारीत गेली तर निम्मा हंगाम संपलेला असतो. दावा कंपनीच्या गावी जाऊनच करावा लागतो असंही नाही. प्रताधिकारभंगाचा दावा लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात करण्याची सोय कलम ६२ मध्ये आहे.

पुढच्या नाटकासाठी एका पानाचा कागद पुरतो, पण तो तालमीआधी हवा. त्यात लिहा : फक्त हीच कंपनी, फक्त हा एक हंगाम, प्रतिप्रयोग अमुक रुपये, पहिल्या १० प्रयोगांची रक्कम आगाऊ, पुढचा हिशेब दर पंधरा दिवसांनी. प्रयोगांचा आकडा कंपनीच्या सांगण्यावर सोडू नका. कंपन्यांचे प्रयोग जिथे ठरतात त्या वडसा-देसाईगंजच्या बुकिंगच्या तारखा आणि गावोगावची पोस्टरं यांवरून तो पडताळता येतो. पोस्टर, पत्रक आणि ध्वनिक्षेपकावरच्या घोषणेत लेखकाचं नाव. नाव व संवाद बदलायचे तर लेखी संमती. यूट्यूबवर चित्रीकरण टाकायचं तर वेगळा करार आणि वेगळे पैसे, कारण एकदा पूर्ण नाटक मोबाइलवर आलं की पुढच्या हंगामात ते बोलावणारी गावं कमी होतात. गाणी दुसऱ्याने लिहिली असतील तर ती तुमच्या संहितेत धरू नका, त्याचा कागद वेगळा.

प्रश्न : माया कथा वऱ्हाडीत हायेत. प्रकाशक म्हनते का प्रमाण मराठीत करून देतो, जास्त खपते. मी नाई म्हनलं. आता करारात लिवलं हाये का "संपादनाचा अंतिम अधिकार प्रकाशकाचा राहील". सही करू का नको?
— वाचक, तेल्हारा तालुका

त्या ओळीवर सही करू नका, बाकी करार चांगला असेल तर तो सोडूही नका. लेखकाची प्रतिष्ठा उणावेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ देतं, पण ती वाट न्यायालयातून जाते आणि तोवर पुस्तक छापून दुकानात गेलेलं असतं. म्हणून ओळच बदला : "संपादनातील प्रत्येक बदल लेखकाच्या लेखी संमतीने होईल. बोलीतील शब्दरूपे, वाक्यरचना व संवाद यांत बदल केला जाणार नाही. शेवटच्या प्रूफावर लेखकाची सही झाल्याशिवाय छपाई होणार नाही."

खरी मोडतोड बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही. ती मुद्रितशोधनात होते. मुद्रितशोधकाचा हात "हाये"चं "आहे", "काहून"चं "का", "मले"चं "मला" सवयीने करतो, आणि तेही अर्ध्याच ठिकाणी, त्यामुळे एकाच पानावर एकच म्हातारी दोन भाषा बोलते. यावर उपाय तुमच्या हातात आहे. हस्तलिखितासोबत शब्दयादी द्या : तुम्ही कोणतं रूप कसं लिहिता, दीडएकशे शब्द पुरे. पण आधी स्वतः एकसारखं लिहा. एकीकडे "म्हनते" आणि दुसरीकडे "म्हंते" असेल तर शोधकाला दोष देता येत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत असेल तर तेही वर स्पष्ट लिहा. प्रूफं तीन वेळा मागा आणि दुसरं प्रूफ मोठ्याने वाचा. कानाला जे खटकतं ते डोळ्याला सापडत नाही.

खपाची काळजी खरी असेल तर शेवटी चार पानांचा शब्दार्थ द्या. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तेवढी वाट पुरते, आणि आपल्या मुलखातल्या वाचकाला आपली बोली पुस्तकात जशीच्या तशी सापडते.

प्रश्न : वडील २०११ मध्ये वारले. त्यांच्या भजनांच्या सात वह्या आहेत. काही भजनं पूर्वी एका पुस्तिकेत छापली होती. एक प्रकाशक "तुम्ही सही करा, पुस्तक काढतो" म्हणतो. आम्ही चार भावंडं, आई आहे. वडिलांना आवडणारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची दहा भजनंही त्यात घ्यायची आहेत.
— वाचिका, तिवसा तालुका

तुमच्या एकटीच्या सहीने चालणार नाही. मृत्युपत्र नसेल तर प्रताधिकारही शेतीसारखाच वारसांकडे जातो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि चारही भावंडं, लग्न झालेल्या बहिणींसह, समान वाटेकरी. वडिलांच्या आई हयात असतील तर त्याही. सर्वांचं एक संमतीपत्र करा, त्यात एकाला सही करण्याचा व हिशेब घेण्याचा अधिकार द्या आणि मानधन कसं वाटायचं ते लिहा. सातबाऱ्यावरून बोलणं बंद झालेल्या घरात हे आधी करणं जास्तच गरजेचं.

मुदती दोन आहेत. हयातीत छापलेल्या भजनांवर २०११ नंतर ६० वर्षं, म्हणजे २०७१ च्या अखेरपर्यंत. वह्यांतली अप्रकाशित भजनं आता पहिल्यांदा प्रकाशित झाली, तर प्रकाशनाच्या वर्षानंतर ६० वर्षं. मूळ वह्या प्रकाशकाकडे देऊ नका. पानं स्कॅन करून द्या आणि वह्यांची मालकी तुमची हे करारात लिहा.

तुकडोजी महाराजांचं महानिर्वाण ऑक्टोबर १९६८ मधलं. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत प्रताधिकार आहे. सगळ्या गावाला पाठ असणं म्हणजे हक्क संपणं नव्हे. प्रस्तावनेत विवेचनासाठी दोन-चार ओळी नावासह देता येतील. दहा पूर्ण भजनं घ्यायची तर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. तीसाठी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात चौकशी करा, तुम्हाला ते जवळच आहे. परवानगीच्या पत्रात भजनांची पहिली ओळ, प्रतींची संख्या आणि किंमत लिहा.

प्रश्न : २०१७ ला कादंबरी आली. करारात मुदत नाही. दोन वर्षं मानधन आलं, मग काहीच नाही. पुस्तक कुठे मिळत नाही आणि फोन उचलत नाहीत. दुसरा प्रकाशक तयार आहे. त्याला देऊ का?
— निवृत्त ग्रामसेवक, मूल तालुका

देता येईल, पण कागद पुरा करून. मुदत लिहिलेली नसल्याने हक्क ५ वर्षांचे होते आणि २०२२ मध्ये ते संपले. करारात "प्रताधिकाराच्या मुदतीपर्यंत" किंवा "पुस्तक उपलब्ध असेपर्यंत" असे शब्द कुठे दडले आहेत का, ते आधी पुन्हा पाहा. नसतील तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा आणि तेच ईमेलही करा : कराराची तारीख, कलम १९(५) प्रमाणे मुदत संपल्याची नोंद, शिल्लक प्रतींचा आकडा व थकीत हिशेबाची मागणी, ३० दिवसांची मुदत आणि "यापुढे छपाई करू नये". शिल्लक प्रती छापील किमतीच्या ठरावीक टक्क्याला विकत घेण्याची तयारी दाखवली तर बहुतेकदा उत्तर येतं, कारण गोदामातल्या प्रतींचं ओझं त्यांनाही असतं.

थकलेल्या रकमेसाठी उशीर करू नका. वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे फार जुनी बाकी हातातून जाते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

नव्या प्रकाशकाला हा पत्रव्यवहार दाखवा. जुन्याचं मुखपृष्ठ आणि पानांची मांडणी मात्र वापरू नका. मजकूर तुमचा असला तरी चित्र चित्रकाराचं किंवा त्या प्रकाशकाचं असू शकतं.

थोडक्यात विचारलेलं

हस्तलिखित पाठवण्याआधी नोंदणी करावीच लागते का? (वाचक, आर्वी) नाही. लिहिलं त्या क्षणी प्रताधिकार तुमचा. नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी आहे : एका साहित्यकृतीला ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नाटकासाठी आम्ही ती करायला सांगू. कवितासंग्रहासाठी तारखेसह स्वतःलाच ईमेल केलेली फाइल बहुधा पुरते.

श्राव्य पुस्तकासाठी प्रकाशकच परस्पर बोलणी करतो आहे, चालेल? (वाचिका, वरुड) करारात तो हक्क दिला असेल तरच. दिला असेल तर आलेल्या रकमेचा निम्मा वाटा मागा आणि पुस्तक वाचून दाखवणाऱ्याचा आवाज ठरवताना तुमची संमती घ्यायला सांगा. करार जुना असेल, त्यात "सर्व माध्यमे" एवढंच मोघम लिहिलं असेल आणि ते माध्यम तेव्हा अस्तित्वातच नसेल, तर नाव घेऊन लिहिल्याशिवाय ते दिलं असं धरलं जात नाही. करार २०१२ नंतरचा असेल तर हा मुद्दा जास्त भक्कम आहे, कारण ही तरतूद त्या वर्षीच्या दुरुस्तीने आली.

माझ्या पुस्तकाची पीडीएफ गटागटांत फिरते आहे. (वाचक, उमरखेड) ज्या संकेतस्थळावर किंवा चॅनलवर ती ठेवली आहे, त्याला लेखी तक्रार करा : पुस्तकाचं नाव, तुमच्या मालकीचा पुरावा, नेमका दुवा. नियमाप्रमाणे त्यांनी ३६ तासांत ती बंद करायची असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात. तेवढ्या दिवसांत पुस्तक सहज विकत मिळेल अशी सोय प्रकाशकाकडून करून घ्या. अनेकदा पीडीएफ फिरते ती तालुक्याच्या ठिकाणी पुस्तक मिळत नाही म्हणून.